तारा बांधलेल्या तोंडासाठी सूप

आधीच सांगतो, मला स्वयंपाक येत नव्हता. चहा, मॅगी आणि अंड्याची पोळी, संपलं. त्यामुळं “सूपच तर करायचंय, त्याचं एवढं काय” असं कुणाला वाटेल. पण जबडा मोडलेल्या आईसाठी दवाखान्यातून “फक्त द्रव आहार, ३ ते ४ आठवडे” असा कागद हातात पडल्यावर रात्री दीड वाजता मी मोबाईलवर पाककृती शोधत बसलो होतो. सापडलेल्या प्रत्येकीच्या शेवटी “वरून कोथिंबीर आणि तळलेले ब्रेडचे तुकडे घाला” हे होतंच. ज्या बाईचे वरचे-खालचे दात तारांनी एकमेकांना बांधलेत तिनं ब्रेडचा तुकडा कुठून आत घ्यायचा? आमच्यासारखं कुणी त्या रात्री जागत बसलेलं असेल, त्याच्यासाठी हे लिहितोय.

९ ऑक्टोबर २०२४, बुधवार. नवरात्र चालू होतं. आम्ही बेळगावात शहापूरला राहतो, जुनं घर आहे, मागं परसू आणि तुळस. संध्याकाळी पावसाची सर येऊन गेलेली. आई दिवा लावायला गेली, शेवाळलेल्या फरशीवरून पाय सरकला आणि हातात निरांजन असल्यानं हात टेकायच्या आधी हनुवटीच टेकली. जवळच्या दवाखान्यात ३ टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, घरी पाठवलं. साडेनऊला जेवायला बसली तर म्हणाली, “माझे दात एकावर एक बसेनात बघ.” टाके घालताना तिला कुणी तोंड मिटून दाखवायला सांगितलंच नव्हतं, आणि आमच्याही डोक्यात आलं नाही. हनुवटीवर पडल्यानंतर दातांची बैठक बदलल्यासारखी वाटली, तोंड उघडताना एका बाजूला ओढलं गेलं, कानापुढं दुखलं, तर टाक्यांवर समाधान मानू नका. त्याच दिवशी जबड्याच्या सर्जनला दाखवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीजी काढला. सगळा जबडा एका पट्टीत दिसतो असला एक्स-रे, आम्हाला ४५० रुपये पडले. हाड दोन जागी मोडलेलं. एक हनुवटीच्या जरा डावीकडं आणि दुसरं उजव्या कानापुढं, सांध्यापाशी. डॉक्टरांनी पेन टेबलावर उभं आपटून दाखवलं, खाली मार बसला तरी जोर वर सांध्यात जातो. पुढच्या मोडीला प्लेट घालायची. सांध्याजवळ शक्यतो कापायचं नाही, त्याऐवजी वरच्या आणि खालच्या दातांना पट्ट्या बसवून त्या तारांनी एकमेकींना बांधायच्या, म्हणजे जबडा गप्प राहतो. किती दिवस? “तीन आठवडे तरी. बघू.”

आता कागदपत्रांचं. आई-बाबा माझ्या कंपनीच्या ग्रुप विम्यात आहेत. कॅशलेसचा अर्ज सकाळी ११ ला गेला. दुपारी ४ ला विमावाल्यांचं उत्तर, दातांचे उपचार पॉलिसीत बसत नाहीत. बहुतेक पॉलिसींमध्ये दातांचे उपचार वगळलेलेच असतात, पण अपघातामुळं भरती व्हावं लागलं असेल तर ते वगळणं लागू होत नाही. ते वाक्य त्याच कलमात पुढं असतं. मी पॉलिसीचं ते पान शोधून त्यावर रेघ मारली आणि सर्जनकडून दोन ओळींचं पत्र घेतलं, पडून झालेलं जबड्याचं अस्थिभंग, दंतोपचार नव्हे. शिवाय अपघात विभागात लिहून दिलं होतं की घरीच पाय घसरून पडली, कुणाविरुद्ध तक्रार नाही, त्याची प्रत जोडली. रात्री १० ला मंजुरी आली. आयआरडीएआय या विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणं कॅशलेसवर तासाभरात निर्णय द्यायला हवा. आम्हाला ११ तास लागले. त्या ११ तासांत मी तीन वेळा बाहेर जाऊन चहा प्यालो आणि प्रत्येक वेळी आईनं काही खाल्लं का असं विचारणारे फोन घेतले.

११ तारखेला ऑपरेशन झालं. मी उद्यमबागेत एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, इन्स्पेक्शनला आहे आणि त्या दिवशी आमच्याकडं आयुधपूजा. मी थिएटरबाहेर बसलेलो, आणि पोरं भट्टीला झेंडूच्या माळा घातलेले, दारात कोहळा फोडलेले फोटो पाठवत होती. अडीच तासांनी आईला बाहेर आणलं. तोंड सुजून एवढं झालेलं, ओठ मागं ओढून नर्सनं तारा दाखवल्या. मला आमच्याकडं साच्याच्या दोन पेट्या क्लॅम्प लावून जखडतात तेच आठवलं. बाबा दोन मिनिटं बघून कॉरिडॉरमध्ये गेले ते अर्धा तास आलेच नाहीत.

१२ ला दसरा. आहारतज्ज्ञांनी छापील कागद दिला, एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. दर दोन तासांनी २०० ते २५० मिली, दिवसाला २ लिटर, सगळं गाळून. दूध, ताक, डाळीचं पाणी, फळांचा रस, सूप. नर्सनं करून दाखवलं ते मात्र कुठल्याच कागदावर नव्हतं. ५० मिलीची सिरिंज, तिच्या टोकाला तीन बोटं लांबीची मऊ रबरी नळी. माणसाला ताठ बसवायचं. नळी गालाच्या आतून शेवटच्या दाढेपर्यंत सरकवायची, कारण दाढेच्या मागं थोडी फट असते. मग एकेक घोटाएवढं ढकलायचं आणि गिळल्याचं गळ्याशी दिसल्यावरच पुढचं. आणि एक तार कापायची कात्री दिली. उलटी आली तर पुढं वाकवायचं आणि कुठल्या तारा कापायच्या ते दोनदा दाखवलं. ती कात्री मी दोरीनं पलंगाला बांधून ठेवली. एकदाही लागली नाही, पण पहिले तीन दिवस झोपेतसुद्धा माझा हात त्या दोरीवर होता.

१३ ला, रविवारी, घरी आलो. शिलंगणाचा दुसरा दिवस, त्यातून रविवार, सगळ्या गल्लीत मटणाचा वास. आईला रिक्षातून उतरवताना तिनं नाकानं एक मोठा श्वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं. तारा असल्या तरी दाताआडून बोलता येतं म्हणा, पण सूज होती आणि पहिले काही दिवस कमी बोला म्हणून सांगितलेलं. शेजारच्या मुलीची पाटी-पेन्सिल मागून आणली होती. त्या पाटीनं पुढचे २२ दिवस मला जेवढं सुनावलं तेवढं तोंडानं तिनं ३४ वर्षांत सुनावलं नसेल.

पहिलं सूप मी पाकिटाचं केलं, टोमॅटोचं. मागं लिहिलेलं तंतोतंत पाळलं तरी गुठळ्या झाल्या. चहाच्या गाळणीनं गाळलं. दिसायला छान झालं. बाबांनी उशा लावल्या, मी नळी बसवली, आणि यात पंधरावीस मिनिटं गेली. सिरिंज दाबली तर पुढंच जाईना. ग्लासात चमचा उभा राहील असं ते झालेलं. आईनं पाटी ओढली आणि लिहिलं, “खळ केलीस.” शहापूर म्हणजे मागवाल्यांचं गाव, सुताला लावायची खळ आईनं लहानपणापासून बघितलेली. त्याहून अचूक शब्द मला आजही सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी पाकीट नको म्हणून खरे टोमॅटो आणले. तेव्हा टोमॅटो ८० रुपये किलो आणि लसूण पाव किलोला ९० होता, म्हणजे चूक महागात पडणार होती. टोमॅटो, गाजर, कांदा कुकरला लावले, शिट्ट्या झाल्या, उघडून तसेच वाफाळते मिक्सरमध्ये ओतले आणि झाकण लावून बटण फिरवलं. झाकण उडालं. भिंतीवर, गॅसच्या नळीवर, देवाच्या फोटोवर सूप. माझ्या मनगटावर दोन फोड आले. गरम पदार्थाची वाफ मिक्सरच्या बंद भांड्यात कोंडते हे आईला इतकं माहीत होतं की सांगायची गोष्ट आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं. तेव्हा निवू द्या. घाई असेल तर भांडं निम्मंच भरा, झाकण जरा सैल ठेवून वर जाड फडकं धरा, आणि आधी एक-दोन झटकेच द्या. उरलेलं सूप गाळून दिलं, तर टोमॅटोची एक बी कशी कोण जाणे तारेत जाऊन बसली. ती काढायला कोमट मीठपाण्याच्या पाच सिरिंजा आणि लहान मुलांचा ब्रश लागला. पाटीवर काही लिहिलं नाही. तेवढंच बरं.

त्या रात्री पडल्या पडल्या मी फाउंड्रीच्या भाषेत विचार केला. वितळलेलं लोखंड लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, पाण्यासारखं दिसतं. पण साच्यात शिरेपर्यंत थंड झालं तर वाटेतच गोठतं आणि कास्टिंग अर्धवट निघतं, आम्ही त्याला मिसरन म्हणतो. त्यामुळं भट्टीतलं तापमान कितीही चांगलं असलं तरी खरा प्रश्न ओतताना ते किती आहे हा. सूपचंही तेच. मी पातळपणा बघत होतो गॅसवर, उकळत्या भांड्यात, आणि ते आईच्या तोंडात जाणार होतं कोमट होऊन. कॉर्नफ्लॉवर आणि बटाटा दोन्ही निवताना घट्ट होतात. बटाटा तर मिक्सरमध्ये जास्त फिरला की चिकट डिंकच होतो. तेव्हापासून चमचाभर सूप बशीत घेऊन फुंकर मारून गार करायचं आणि मग बघायचं. बशी तिरकी केल्यावर ताकासारखं धावलं तर ठीक. नाहीतर पाणी किंवा दूध.

१५ ते १७ ऑक्टोबर या तीन दिवसांत एक सूप जमलं. आई खुर्ची घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसायची आणि मी चुकलो की स्टीलच्या ग्लासावर चमचा आपटायची. तिनं पाटीवर दिलेल्या सूचना आणि माझ्या चुका मिळून जे उभं राहिलं ते असं. तांबडा भोपळा पाव किलो, साल आणि मधलं जाळं काढून. मूठभर मुगाची डाळ धुऊन. अर्धं गाजर, एक लहान कांदा, लसणाच्या दोन पाकळ्या, आल्याचा पेराएवढा तुकडा. कुकरमध्येच चमचाभर तूप तापवून कांदा-लसूण मऊ होईतो परतायचा, लाल करायचा नाही. मग भोपळा टाकून दोन-तीन मिनिटं. ही पायरी मी पहिल्या दिवशी गाळली तर पाटीवर आलं, “कच्चा वास. परत.” हे “परत” म्हणजे पुन्हा कर की परतून घे, यावर मी आणि बाबांनी पाच मिनिटं चर्चा केली. मग डाळ, तीन वाट्या पाणी, हळद, मीठ आणि मिरीचे पाच-सहा दाणे फडक्याच्या पुरचुंडीत बांधून. मिरीपूड वापरू नका, तिचे काळे कण तारांत अडकतात आणि झोंबतात. पुरचुंडीनं स्वाद उतरतो आणि ती काढून टाकता येते. ३ शिट्ट्या, मंद आचेवर ५ मिनिटं, वाफ आपोआप जाऊ द्यायची. निवलं की पुरचुंडी काढून मिक्सर, मग पुरणयंत्राची बारीक जाळी, आणि शेवटी मलमलच्या धुऊन उकळलेल्या फडक्यातून. फडकं पिळायचं नाही, पिळलं की चोथा खाली उतरतो. गाळल्यावर पुन्हा गॅसवर ठेवून अर्धी वाटी दूध आणि एक उकळी. भोपळ्यात दूध फाटत नाही. टोमॅटो घातला असेल तर दूध नको. हे सगळं करून साधारण ७०० मिली होतं, म्हणजे तीन वेळा. भाजी-डाळ-तूप मिळून ३५ ते ४० रुपये. पहिल्यांदा मला दीड तास लागला, दुसऱ्या आठवड्यात ४० मिनिटं.

आणखी एक, हे फार महत्त्वाचं. खालचा जबडा मोडला की खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होऊ शकते, आईची झाली होती. बधिर ओठाला चटका कळत नाही. पावसाळा सरून हवेत गारठा आलेला, आईला गरम गरम हवंसं वाटायचं, आणि मलाही वाटायचं गरम दिलं तर बरं वाटेल. पण बाळाच्या दुधासारखं आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघायचं, आणि ते भाजलं नाही तरच द्यायचं. सूप थर्मासात आणि प्रत्येक वेळी लागेल तेवढंच वाटीत.

१६ ला कोजागिरी. मसाला दूध तिनं स्वतः आटवलं, खुर्चीत बसून. केशर घातलं, जायफळ अगदी चिमूट, चारोळी-पिस्ते आमच्यासाठी वेगळे. स्वतःचं दूध फडक्यातून दोनदा गाळलं आणि मला सिरिंज भरायलाही दिली नाही, आरशासमोर उभी राहून स्वतः घेतलं. त्या दिवसापासून खाण्याचा ताबा तिच्याकडं गेला. मी फक्त हमाल.

बरोबरीनं रताळ्याचं सूपही करून बघितलं. आमच्या भागात या दिवसांत शेतातली ताजी रताळी येतात, ३० रुपये किलो मिळाली. गोड आणि सुरेख रंग, पण रताळ्याचे दोरे असले चिवट की नळी दोनदा तुंबली. करायचंच असेल तर निम्मं रताळं, निम्मा भोपळा.

शेजारच्या अक्कांचं घर कन्नड. त्यांनी १८ ला सकाळी डबा आणून दिला, “हुरळी सारू, रात्रभर भिजवून शिजवलंय.” हुलगेच, म्हणजे कुळीथ. आमच्याकडं त्याचंच कढण करतात. आईनं झाकण उघडून वास घेतला आणि डोळे मिटून बसली. मग अक्का कन्नडमधून कृती सांगत गेल्या, आई मान डोलवत पाटीवर मराठीत माझ्यासाठी लिहीत गेली. हुलगे अर्धी वाटी रात्री भिजवायचे, सकाळी चार वाट्या पाण्यात ६ शिट्ट्या, वरचं पाणी निथळून घ्यायचं, त्याला तूप-जिरं-लसणाची फोडणी देऊन गाळायचं. ताक घालायचं असेल तर कोमट झाल्यावर. इतके दिवस मी “सूप, सूप” म्हणून मोबाईल घासत होतो आणि घरात कढण, कट (शिजल्या डाळीचं पाणी), अळणी (मटणाचं बिनतिखट पाणी) असं सगळं होतंच. आईला विचारलं, आधी का नाही सांगितलंस? पाटीवर उत्तर, “तू सूप म्हणालास.”

अळणी केलं २० तारखेच्या रविवारी. पाव किलो मटण, हाडाचं जास्त, १८० रुपये. आलं-लसूण वाटून, हळद, मीठ, भरपूर पाणी, कुकरमध्ये मंद आचेवर अर्धा तास. मटण आम्ही खाल्लं, पाणी तिला. इथं एक चूक झाली. वरची चरबी काढली नाही आणि ती नळीत थिजली. अळणी पाणी गार करून वरची साय काढायची, मग कोमट करून द्यायचं. पण पहिला घोट गेल्यावर आईनं ओठ जेवढे हलतील तेवढे हलवले. हसलीच ती.

२१ ला तपासणी. वजन ६१ वरून ५८.२. मला हादराच बसला, एवढं रांधतोय आणि हे काय. आहारतज्ज्ञांनी विचारलं, गाळल्यावर डाळ कुठं जाते? मी म्हटलं, फडक्यात. “मग तुम्ही त्यांना पिवळं पाणी देताय.” भाज्यांच्या पातळ सुपात पोट भरतं, ताकद फारशी मिळत नाही. त्यानंतर डाळ वेगळी अगदी लगदा होईतो शिजवायची, मिक्सरला तीन मिनिटं फिरवायची आणि जाळीतून घासून पुन्हा सुपात मिसळायची. दूध पावडर दोन चमचे, थंड दुधात कालवून. प्रत्येक वाटीत एक चमचा तूप. दुपारी नाचणीची आंबील ताकातली, सकाळी दूध-केळं गाळून. वजन तिथंच थांबलं, ४ नोव्हेंबरला ५७.८ भरलं. कुणी तुमच्या घरी द्रव आहारावर असेल तर पहिल्याच आठवड्यात वजनकाटा आणा. डोळ्यांना कळत नाही, कारण चेहरा सुजलेला असतो.

मग दिवाळी. त्याबद्दल फार लिहीत नाही, पण चकलीच्या पिठात मीठ बरोबर आहे की नाही हे चाखता न येणारी आई बघणं अवघड आहे. तिनं पीठ नाकाशी नेलं, बोटांवर चोळलं आणि पाटीवर लिहिलं, “मीठ कमी.” बाबांनी चाखलं, कमीच होतं. बेसनाचा एक लाडू मी गरम दुधात विरघळवून चार वेळा गाळून तिला दिला. लक्ष्मीपूजन आलं १ नोव्हेंबरला आणि १ नोव्हेंबरला बेळगावात काय असतं ते इथल्यांना सांगायला नको, कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि मराठी भाषकांचा काळा दिन. नेमकी त्याच दुपारी आमची शेवटची सिरिंज चिरली. मी कपिलेश्वर पुलावरून चालत पलीकडं गेलो, रस्ते गर्दीनं बंद, निम्मी मेडिकल दुकानं बंद. चौथ्या दुकानात मिळाली. दुकानदार म्हणाला कितव्या दिवसावर आहात? त्याच्या भावाचा जबडा दोन वर्षांपूर्वी बांधलेला. सिरिंज ३८ रुपयांची, त्यानं तीन दिल्या आणि दोनचेच पैसे घेतले. नळ्या-सिरिंजा सणाच्या आधी जास्तीच्या आणून ठेवा, एवढंच.

भाऊबीजेला ताई कोल्हापूरहून आली. माझं सूप प्यायली आणि म्हणाली, “हे तू केलंस?” आई ग्लासावर चमचा वाजवून पाटी दाखवत होती, “मी.”

४ नोव्हेंबर, सोमवार. तारा काढायला २५ मिनिटं लागली, भूल लागली नाही, ओढल्यासारखं होतं म्हणाली. पट्ट्या दातांवर तशाच, त्यांना आता रबर, तेसुद्धा जेवताना काढता येणारे. तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. जबडा इतके दिवस न हलल्यानं आखडतो, त्यासाठी व्यायाम देतात, दिवसातून पाच-सहा वेळा. ते टाळू नका, दुखलं तरी. बाहेर आल्यावर रिक्षात बसता बसता आई पहिलं पूर्ण वाक्य बोलली, “त्या भोपळ्यात आलं जास्त घालतोस तू.” इतके दिवस तिनं ते दाताआड धरून ठेवलं होतं.

पुढचे दोन आठवडे मऊ खाणं. सूपच, पण आता कमी गाळलेलं. मग गुरगुट्या भात, वरणात कुस्करलेली भाकरी. १८ नोव्हेंबरला पट्ट्याही निघाल्या. ओठाचा बधिरपणा अजून थोडा आहे, जायला काही महिने लागू शकतात म्हणालेत.

विम्याचं राहिलं. दवाखान्याचं बिल ७८,४०० झालं, त्यातले ७१,३०० कॅशलेसमध्ये गेले, बाकी आम्ही भरले. नंतरची औषधं, तपासण्या यांचा दावा आमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतर ६० दिवसांपर्यंतच्या खर्चाचा करता येतो. लागलं ते असं, मूळ बिलं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज समरी, ओपीजीची फिल्म, रद्द केलेला चेक. प्रत्येक बिलामागं त्याच तारखेची चिठ्ठी लावा, आमची दोन बिलं त्यावरून परत आली होती. २७ नोव्हेंबरला पाठवलं, २० डिसेंबरला ६,२१० रुपये जमा झाले. सिरिंजांचे पैसे कापले, उपचाराबाहेरच्या वस्तू म्हणून. भोपळ्याची बिलं मी लावली नव्हती.

पाटी गेल्या आठवड्यात शेजारच्या मुलीला परत दिली. तिला शाळेत पाटी लागत नाही, पण तिला ती हवी होती. देण्याआधी आईनं पुसायला घेतली, तर एका कोपऱ्यात “डाळ अजून १ शिट्टी” एवढं उरलं होतं. तेवढं सोडून बाकी पुसलं तिनं.